ब्राउझर उघडला की अख्खा कॉम्प्युटर अडकतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत या भागातून कॉम्प्युटरबद्दल जे प्रश्न येतात, त्यात एक तक्रार कायम असते: ‘क्रोम उघडला की सगळंच बंद पडतं, माऊससुद्धा हलत नाही.’ विचारणाऱ्यांत आपले सरकार केंद्र चालवणारे आहेत, मार्केट यार्डातले दिवाणजी आहेत, शाळेची माहिती ऑनलाइन भरणारे शिक्षक आहेत, एमपीएससीची तयारी करणारी मुलं आहेत. सगळ्यांचं काम ब्राउझरवर चालतं. मशीन अडकलं की काम थांबतं, आणि मग कुणीतरी फॉरमॅट मारायला सांगतं. त्या घाईत अनेकांचे फोटो आणि हिशेब गेलेत, म्हणून उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथं विंडोज १० किंवा ११ धरावं.

१. ब्राउझर अडकलाय की कॉम्प्युटर, हे ओळखायचं कसं?

कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर विंडोज आतून चालू आहे. माऊसचा बाण नीट फिरतोय, स्टार्ट मेनू उघडतोय, पण ब्राउझरची खिडकी पांढरी पडलीय, असं असेल तर फक्त ब्राउझर अडकलाय.

बाण हलतो पण उशिरा, झटके देत हलतो, क्लिक केल्यावर बऱ्याच वेळानं काहीतरी होतं, अशी अवस्था असेल तर मेमरी किंवा डिस्क कमी पडतेय. येणाऱ्या तक्रारींत हा प्रकार सर्वांत जास्त (प्रश्न ६ आणि ७).

बाण जागच्या जागी थिजलाय, कॅप्स लॉकचा दिवा बदलत नाही, गाणं चालू असेल तर एकच सूर घरघरत राहिलाय, तर मामला ड्रायव्हरचा (विंडोजला यंत्राचा एखादा भाग चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा) किंवा हार्डवेअरचा आहे. तिथं ब्राउझर काढून परत टाकण्यात वेळ घालवू नका. प्रश्न ८, ९ आणि १९ वाचा.

२. आत्ताच अडकलाय आणि फॉर्म अर्धा भरलाय. काय करू?

आधी हात थांबवा. अडकलेल्या मशीनवर केलेला प्रत्येक क्लिक रांगेत जमा होतो आणि ते आणखी दमतं. हार्ड डिस्कचा छोटा दिवा सतत पेटलेला असेल तर पाच-दहा मिनिटं द्या, पुष्कळदा तेवढ्यात सुटतं. तोवर स्क्रीनवर दिसणाऱ्या भरलेल्या फॉर्मचा मोबाईलनं फोटो काढून ठेवा. अर्ज क्रमांक दिसत असेल तर तो नक्की टिपा.

ब्राउझर थोडाफार प्रतिसाद देत असेल तर शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. क्रोम, एज आणि फायरफॉक्समध्ये त्यांचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कुठला टॅब किती मेमरी खातोय ते दिसतं. सर्वांत जड टॅब तिथूनच बंद करा. फॉर्मचा टॅब वाचतो.

ते जमलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर काढा. तोही येत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून येणाऱ्या यादीतून निवडा. तिथं ब्राउझरवर ‘एंड टास्क’ केलं की सगळे टॅब जातात, म्हणून ते शेवटी.

स्क्रीन काळी पडलीय किंवा चित्र थिजलंय पण आवाज चालू आहे, अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो, स्क्रीन क्षणभर लुकलुकते. यात उघडी कामं सहसा बंद होत नाहीत. हा उपाय फार कमी जणांना ठाऊक असतो आणि खूप वेळा उपयोगी पडतो.

३. पॉवरचं बटण दाबून बंद केला तर बिघडेल का?

दुसरा मार्ग उरला नसेल तर करा. बटण साधारण दहा सेकंद दाबून धरा, प्लग उपटू नका. जतन न केलेलं काम जाईल. खरा धोका त्या वेळी उघड्या असलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या डेटाला आहे, म्हणून त्याचा बॅकअप रोज पेन ड्राइव्हवर घ्या. पुन्हा सुरू होताना विंडोज डिस्क तपासायला लागली तर ती तपासणी अर्ध्यात तोडू नका.

४. एक ब्राउझर अख्खा कॉम्प्युटर कसा काय अडकवू शकतो?

रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि डिस्क म्हणजे मागची कोठी. हाताशी लागतं ते ओट्यावर असतं. ओटा भरला की विंडोज काही सामान कोठीत नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ही ने-आण इतकी सावकाश होते की सगळा वेळ त्यातच जातो. माऊस हलवण्यासाठी लागणारी गोष्टसुद्धा कोठीत गेलेली असू शकते, म्हणून माऊसही अडकतो.

आजचा ब्राउझर प्रत्येक साईट वेगळ्या प्रक्रियेत चालवतो. २०१८ मध्ये प्रोसेसरमधली ‘स्पेक्टर’ नावाची त्रुटी उघड झाल्यावर क्रोमनं ही विभागणी आणखी कडक केली. एका साईटनं दुसऱ्या साईटचे पासवर्ड वाचू नयेत म्हणून हे गरजेचं आहे, पण त्याला मेमरी जास्त लागते.

माझं मत ठाम आहे: मशीन धडधाकट असेल तर नुसत्या वेबपेजला ते थिजवता येत नाही. रॅम, डिस्क, ग्राफिक्स, पंखा या सगळ्यांवर एकाच वेळी ताण देणारं बहुतेकांकडचं एकमेव सॉफ्टवेअर म्हणजे ब्राउझर. त्यामुळं यातलं काही कमजोर असलं तर ते तिथं उघडं पडतं. पत्र टाइप करताना तोच कॉम्प्युटर छान चालतो, यावरून ‘क्रोमच खराब’ असा निष्कर्ष काढू नका.

५. नेमकं कारण बघायचं कुठं?

कॉम्प्युटर नीट चालू असतानाच टास्क मॅनेजर उघडा. त्यात ‘ऑलवेज ऑन टॉप’ची खूण करा, म्हणजे तो सगळ्यांच्या वर राहील. तो एका बाजूला ठेवून नेहमीचं काम करा आणि सीपीयू (प्रोसेसर), मेमरी, डिस्क, जीपीयू (ग्राफिक्स चिप) या चार रकान्यांकडे लक्ष ठेवा.

समजा दहावा टॅब उघडला. मेमरी ९० टक्क्यांच्या पुढं गेली आणि पाठोपाठ डिस्कचा रकाना लाल होऊन १०० वर बसला. आता ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्कवर क्लिक करून खाली बघा. काम १०० टक्के चाललंय म्हणतोय, पण वाचन-लेखनाचा वेग सेकंदाला एक-दोन एमबी. ‘अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ शेकडो मिलिसेकंदांवर. हे चित्र दिसलं की मशीन प्रश्न ४ मधल्या ने-आणीत अडकलंय हे पक्कं. मेमरी अर्धीच भरलेली असताना डिस्क १०० वर असेल तर प्रश्न ७ कडे जा. चारही रकाने शांत आहेत आणि तरी थिजलं, तर प्रश्न ८ पासून पुढं.

६. रॅम ४ जीबी आहे. भागेल का?

विंडोज आणि अँटिव्हायरस मिळून त्यातली निम्म्याच्या आसपास आधीच घेतात. चार-पाच टॅबपर्यंत निभावतं, पुढं अडखळतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘मेमरी सेव्हर’ आहे, एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्ज’ आहे. दोन्ही वापरात नसलेले टॅब झोपवतात. मात्र अर्धवट फॉर्म असलेली साईट त्याच्या अपवाद-यादीत घालून ठेवा.

८ जीबी केल्यावर फरक लगेच जाणवतो. खरेदीआधी दोन गोष्टी बघा. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं, आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, ती बदलता येत नाही. दुसरं, ‘सिस्टीम टाइप’ ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वर रॅम टाकून उपयोग नाही, घरगुती ३२ बिट विंडोज ती वापरत नाही.

पेजफाइल (डिस्कवरची प्रश्न ४ मधली कोठी) बंद केली की वेग वाढतो असा सल्ला फिरतो. तो पाळू नका. मेमरी संपल्यावर मशीन अडकण्याऐवजी प्रोग्रामच धडाधड बंद पडतील.

७. डिस्क सतत १०० टक्के दाखवतेय. बदलावी लागेल का?

आधी सी ड्राइव्ह बघा. तो काठोकाठ भरला असेल तर पेजफाइलला वाढायला जागा उरत नाही. डेस्कटॉप आणि डाउनलोड फोल्डरमध्ये साठलेले स्कॅन आणि पीडीएफ दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा. केंद्रचालकांच्या मशीनवर हेच सर्वांत जास्त आढळतं.

जागा आहे आणि तरी अडकतं, तर डिस्कची तब्येत तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कनं स्वतः ठेवलेल्या नोंदी दाखवतं. ‘रीॲलोकेटेड सेक्टर्स’ किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’ यांचे आकडे शून्यावरून वाढत असतील तर डिस्क खराब होत चाललीय. त्या क्षणी बाकीचं सोडून डेटा कॉपी करा. खराब जागा वाचताना डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि तेवढा वेळ विंडोज ताटकळतं. डेस्कटॉप असेल तर डिस्कची साटा केबल काढून घट्ट बसवून बघा, सैल केबलनंही हीच लक्षणं दिसतात.

डिस्क चांगली आहे पण फिरती आहे, तर एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. जुन्या मशीनवर करण्यासारखा एकच खर्च निवडायचा झाला तर मी हाच निवडेन, रॅमच्याही आधी.

८. यूट्यूबवर क्लास लावला की थिजतो, बाकी वेळी काही नाही. का?

व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्स चिपकडं जातं. तिचा ड्रायव्हर जुना किंवा बिघडलेला असला तर अख्खी स्क्रीन थिजते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टीम’खाली ग्राफिक्स किंवा हार्डवेअर ॲक्सेलरेशनचं बटण आहे, ते बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. फायरफॉक्समध्ये ते ‘जनरल’च्या तळाशी ‘परफॉर्मन्स’मध्ये सापडतं. थिजणं थांबलं तर दोषी सापडला. पण ते बटण कायम बंद ठेवणं हा इलाज नव्हे, कारण सगळा भार प्रोसेसरवर येतो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत साईटवरून ग्राफिक्स ड्रायव्हर घ्या आणि मग बटण पुन्हा चालू करा. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाची फुकट सॉफ्टवेअर टाळा.

याउलट, थिजत नाही पण सीपीयू १०० वर जातो आणि व्हिडिओ अडखळतो, तर कारण वेगळं. यूट्यूब बरेच व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ स्वरूपात देतं. इंटेलच्या सातव्या पिढीपासून व्हीपी९ आणि अकराव्या पिढीपासून एव्ही१ हार्डवेअरमध्ये उलगडतं. त्याआधीच्या प्रोसेसरला ते रेटून करावं लागतं. अशा मशीनवर व्हिडिओ ४८०पी वर ठेवा. फळ्यावरचं तेवढ्यात वाचता येतं.

९. उन्हाळ्यात जास्त अडकतो. उष्णतेचा संबंध असतो का?

असतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या गाळ्यात ठेवलेला कॉम्प्युटर आधीच गरम असतो. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो, आणखी तापला तर मशीन बंद पडतं किंवा थिजतं. लक्षण असं: सुरू केल्यावर अर्धा-पाऊण तास ठीक, मग पंखा जोरात आणि मग गडबड.

हळदीच्या अडत दुकानांतली मशीन उघडली की एक गोष्ट हमखास दिसते. पंखा वरून स्वच्छ दिसतो, पण तो सुटा केला की त्याच्या आणि तांब्याच्या नळीपुढच्या बारीक जाळीच्या मधोमध पिवळट धुळीचा घट्ट थर बसलेला असतो. जाळीची एक फटसुद्धा मोकळी नसते. बाहेरून ब्लोअर मारून हा थर निघत नाही, पंखा सोडवूनच काढावा लागतो, आणि त्याच वेळी थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) नवी लावून घ्यावी. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो जोरात फिरून बिघडतो.

१०. बंद करून उघडला की तेच टॅब परत येतात आणि परत अडकतो. या चक्रातून बाहेर कसं पडू?

इंटरनेट तोडा: वायफाय बंद करा किंवा केबल काढा. मग ब्राउझर उघडा. साईट लोड होणार नाहीत, त्यामुळं जड टॅब शांतपणे बंद करता येतील. नंतर सेटिंगमध्ये ‘ऑन स्टार्टअप’खाली ‘न्यू टॅब’ निवडा. बंद केलेली पानं हिस्टरीत राहतात.

११. क्रोम काढून परत टाकला, दुसरा ब्राउझरही बघितला. फरक नाही. फॉरमॅट मारू का?

दोन वेगळे ब्राउझर सारखेच अडकतात याचा अर्थ दोष त्यांच्या खाली आहे. रॅम कमी असेल, डिस्क खराब असेल, पंखा तुंबला असेल तर फॉरमॅटनंतरही तेच होईल. खराब डिस्कवर फॉरमॅट मारणं तर घातक, कारण वाचू शकला असता तो डेटाही जातो. प्रश्न ५ मधली तपासणी आधी करा.

फक्त एकाच ब्राउझरमध्ये अडकतं, तर त्यात नवीन प्रोफाइल (सेटिंग, बुकमार्क, हिस्टरी यांचा वेगळा संच) तयार करून बघा. ते नीट चाललं तर जुनं प्रोफाइल बिघडलंय. क्रोम काढून टाकताना ‘ब्राउझिंग डेटा’ची खूण केली नाही तर तेच बिघडलेलं प्रोफाइल परत येतं, म्हणून पुनःपुन्हा टाकूनही फरक पडत नाही.

१२. एक्स्टेन्शन किंवा अँटिव्हायरसमुळं होतं का?

होतं. एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) तपासायला इनकॉग्निटो खिडकी उघडा, तिथं ती आपोआप बंद असतात. तिथं ठीक चाललं तर सगळी बंद करून एकेक चालू करत जा. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका, दोघं प्रत्येक फाइल तपासायला धावतात. विंडोजमधला डिफेंडर बहुतेकांना पुरतो. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर डिफेंडरचं ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा.

१३. लाल स्क्रीन आली, ‘कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा’ म्हणते आणि काहीच हलत नाही. काय करू?

फोन करू नका. कॉम्प्युटर अडकलेला नाही, एका वेबपेजनं पूर्ण स्क्रीन व्यापलीय आणि भोंगा वाजवतंय. एस्केप काही सेकंद दाबून धरा. नाही जमलं तर ऑल्ट आणि एफ४, किंवा टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. मायक्रोसॉफ्ट अशा इशाऱ्यात फोन नंबर कधीच देत नाही. पुन्हा उघडताना प्रश्न १० प्रमाणे करा.

कुणी फोन केला असेल आणि समोरच्याला दुरून कॉम्प्युटर चालवू देणारं सॉफ्टवेअर टाकू दिलं असेल तर आधी इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा प्रश्न वाचून दाखवा.

१४. सात-बारा किंवा दाखला प्रिंटला दिला की पांढरा पडतो.

प्रिंटच्या आधी दिसणारा नमुना तयार करताना ब्राउझर ठरलेल्या प्रिंटरला विचारतो. तो प्रिंटर नेटवर्कवरचा असेल आणि बंद असेल तर ब्राउझर वाट बघत बसतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ हा मुख्य प्रिंटर करा. आधी पीडीएफ जतन करा, मग कागदावर काढा. दाखल्याची प्रतही जवळ राहते.

१५. अर्जाच्या शेवटच्या दिवसांतच अडकतो. दोष सर्व्हरचा की माझ्या मशीनचा?

साईटवर गर्दी असली की पान फिरत राहतं, पण तुमचा माऊस आणि बाकीचे प्रोग्राम नीट चालतात. माऊसही अडखळत असेल तर मशीनकडं बघा. उत्तर येत नाही म्हणून तेच पान पाच टॅबमध्ये उघडणं आणि सारखं रिफ्रेश करणं यानं दोन्हीकडचा भार वाढतो. पैसे भरण्याच्या पानावर तर रिफ्रेश अजिबात नको.

१६. विंडोज ७ आहे. नवीन क्रोम टाकू का?

येणार नाही. जानेवारी २०२३ मधली १०९ ही विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची शेवटची मोठी आवृत्ती. फायरफॉक्सची तिथली शेवटची मालिका ११५ ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती). नव्या साईट जुन्या ब्राउझरवर अडखळतात आणि सुरक्षाही उरत नाही, बँकेचं काम तिथं करू नका. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेटही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स या मोफत प्रणालीचा विचार करा (प्रश्न १८).

१७. अंगठ्याचं मशीन लावलं की माऊस मरतो. हाही ब्राउझरचाच दोष?

बहुधा यूएसबीचा. वीज कमी पडणाऱ्या स्वस्त हबवर माऊस, स्कॅनर आणि बायोमेट्रिक यंत्र एकत्र लावलं की एकाच्या नादानं सगळी निसटतात. कीबोर्ड वेगळ्या पोर्टवर असेल आणि तो चालत असेल तर हे पक्कं. बायोमेट्रिक यंत्र थेट मागच्या पोर्टला लावा, आणि त्याची आरडी सर्व्हिस (यंत्र आधार पडताळणीला जोडणारं सॉफ्टवेअर) कंपनीच्या साईटवरून नवी घ्या.

१८. शाळेत उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) आहे. तिथंही फायरफॉक्सनं सगळं थिजतं.

मेमरी संपत आली की लिनक्स विंडोजपेक्षाही घट्ट अडकू शकतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून अक्षरी स्क्रीनवर जा, लॉगिन करा आणि तिथून फायरफॉक्स बंद करा. यायला मिनिट-दोन मिनिटं लागतील. उबंटू २२.०४ पासून मेमरी संपण्याआधी जड प्रोग्राम बंद करणारी व्यवस्था आत येते. जुन्या आवृत्तीवर तेच काम करणारा ‘अर्लीऊम’ हा छोटा प्रोग्राम टाकून घ्या. स्वॅप (विंडोजच्या पेजफाइलसारखी डिस्कवरची जागा) अजिबात नसेल तर थोडं द्या.

१९. सगळं तपासलं. कधीतरीच थिजतो, पण थिजतो. आता?

‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, विंडोज लॉग्जमधल्या ‘सिस्टीम’मध्ये जा आणि थिजलेल्या वेळेच्या आसपासच्या नोंदी बघा. क्रमांक ४१ पाहून घाबरू नका, मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच तो सांगतो. डिस्कच्या नावानं ७ किंवा १५३ असेल तर प्रश्न ७ बघा. ४१०१ असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर अडकून पुन्हा उठला होता, प्रश्न ८.

काहीच नोंद नसेल तर रॅम तपासा. रात्री ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ किंवा मेमटेस्ट८६ लावून ठेवा. एकही चूक दिसली तर पट्ट्या काढून, एकेक लावून पुन्हा तपासा. डेस्कटॉप असेल तर एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) बदलून बघा, ताण आल्यावर तो कमी पडतो तेव्हाही कुठलीच नोंद उरत नाही.

२०१९ किंवा २०२१ च्या महापुरात भिजून नंतर वाळवून चालू केलेली मशीन अजून वापरात आहेत. त्यांच्या स्लॉटांत आणि बोर्डावर गंज चढत राहतो आणि दोष कधी इथं, कधी तिथं दिसतो. अशा मशीनवर खर्च करत बसू नका. डेटा काढा आणि ते बदला.

२०. रोज रात्री शटडाऊन करतो, तरी सकाळी जडच का?

‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाऊन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. अडकलेला ड्रायव्हरही तसाच परत येतो. आठवड्यातून एक-दोनदा ‘रीस्टार्ट’ करा, त्यात सगळं नव्यानं सुरू होतं.

२१. दुरुस्तीला नेताना काय सांगू?

‘हँग होतो’ एवढं पुरेसं नाही. कुठलं काम करताना, सुरू केल्यापासून किती वेळानं, माऊस आणि कॅप्स लॉक चालत होता का, टास्क मॅनेजरमध्ये कुठला रकाना १०० वर होता, हे कागदावर लिहून द्या आणि त्या स्क्रीनचा मोबाईलवरचा फोटो दाखवा. डेटाची प्रत घरी ठेवा. ब्राउझरमध्ये जतन केलेले बँकेचे पासवर्ड आधी काढून टाका, डिजिटल सहीचं टोकन सोबत देऊ नका. आणि फॉरमॅट मारण्याआधी फोन करून विचारा, हे त्याच कागदावर वर मोठ्या अक्षरात लिहा.